अकरा कागदी कुंड्या

ग्रंथालयाच्या तळमजल्यावर, जिथे फाटकी पुस्तकं दुरुस्तीला येत, तिथे ती अठ्ठावीस वर्षं काम करत होती. उसवलेली पानं सोडवायची, पानांचे गठ्ठे दोऱ्याने पुन्हा शिवून जुजबंदी करायची, खळ लावून कणा बसवायचा, पुठ्ठा चढवायचा. खात्यात तिला सगळे 'मोजपट्टी' म्हणत. एप्रनच्या खिशात तिची स्टीलची पट्टी कायम असे आणि नुसत्या नजरेने अंदाज बांधणं तिला मान्यच नव्हतं. "ही दात घासायची पेस्टसुद्धा मापून घेत असणार," शेजारच्या टेबलावरची शिलाईवाली म्हणायची. "मग? तू काय ओंजळभर घेतेस?" ही मान वर न करता विचारायची.

घरात मात्र ती ताई. तिच्याहून सात वर्षांनी लहान असलेल्या बहिणीने पहिल्यांदा ताई म्हटलं आणि मग शेजारपाजारचेही ताईच म्हणू लागले. आपणही ताईच म्हणू, आणि बहिणीला धाकटी.

दोघींचे वडील कारखान्यात लेथवर होते. कामगारांच्या वसाहतीत त्यांना मिळालेल्या घरामागे चार पावलं रुंदीची जमीन होती आणि तिथे ते टोमॅटो लावायचे. कुणा सोबत्याकडून आलेलं बियाणं, जातीचं नाव ठाऊक नाही. घरात 'बाबांचे टोमॅटो' एवढंच नाव. पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचे, देठापाशी चुण्या पडलेले, रंगाने गुलाबीकडे झुकणारे, आणि साल इतकी पातळ की तोडून पिशवीत टाकले तर घरी पोचेपर्यंत रस निघायचा. दुकानात असले टोमॅटो कुणी उभे केले नसते. ते झाडाशीच खायचे, नाहीतर मोरीपाशी वाकून, कोपरापर्यंत ओघळ येऊ देत. बाबा दरवर्षी सगळ्यांत चांगलं फळ बियाण्यासाठी राखून ठेवत आणि त्याला कुणी हात लावला तर एरवी शांत असलेला तो माणूस तांबडालाल होई.

ते गेले तेव्हा बियांचं पाकीट ताईकडे आलं. त्यांनीच दिलं होतं, आजारपणात, हाताने. धाकटीने एकदा मागितलं होतं. "थोड्या मलाही दे ना गं." ताई म्हणाली होती, "तुझ्याकडे निवडुंगसुद्धा जगला नाही. झाडं मी लावते, तू टोमॅटो खायला ये." धाकटी हसली होती. दरवर्षी खायलाही येत होती.

ताईचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. इमारतीमागे प्रत्येक बिऱ्हाडाला एक वाफा. पण थंडी सरायच्या आधी बाहेर काही पेरता येत नसे, म्हणून रोपं घरातच करायची, पूर्वेच्या खिडकीत. आता बी पेरायचं म्हणजे कशात, हा प्रश्न कुणाला फुटकळ वाटेल. ताईला तो फुटकळ वाटला नाही. पहिल्या वर्षी तिने अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे घेतले, कारण ते फुकट होते. आठ दिवसांत पुठ्ठ्यावर पांढरी बुरशी चढली आणि खळगे इतके उथळ की मुळं चारी बाजूंनी डोकं आपटून वर यायला लागली. दुसऱ्या वर्षी दह्याचे रिकामे डबे, बुडाला सुईने भोकं पाडून. भोकं बारीक पडली, पाणी साचलं, निम्मी रोपं बुडाशी सडून आडवी झाली. मग तापलेल्या खिळ्याने मोठी भोकं पाडली. मग कुणीतरी सांगितलं म्हणून काथ्याच्या वाट्या आणल्या. दिसायला गोंडस, पण सकाळी पाणी घालावं तर दुपारी खडखडीत कोरड्या, आणि वाट्यांसकट रोप मातीत लावलं तर मुळं भिंत फोडून बाहेर यायला तयार नाहीत. रोपवाटिकेत असतात तसला काळा प्लास्टिकचा खणाखणांचा ट्रेही तिने आणून पाहिला. त्याचे खण खाली निमुळते. तीन आठवड्यांत मुळं त्या निमुळत्या खणात गोल गोल फिरून चिकटून बसतात आणि रोप उपसलं की बुचासारखं बाहेर येतं. "याला घाईचं लेकरू म्हणतात," बाबा अशा रोपांना म्हणायचे. टोमॅटोला मूळ सरळ खाली सोडायला खोली लागते, रुंदी कमी चालते, हे ताईने चौथ्या वर्षी पट्टीने मापूनच ठरवलं.

आणि मग तिला तिच्या टेबलाखालची कातरणाची टोपली आठवली. खाकी कागदाच्या पट्ट्या, जाड, चिवट, शाई नसलेल्या. एका बारक्या बाटलीभोवती पट्टी गुंडाळायची, बुडाशी चार घड्या आत दाबायच्या, खळ नाही, चिकटपट्टी नाही. तळहाताच्या लांबीएवढी उंच, तीन बोटं रुंद अशी कुंडी तयार. अशा कुंड्या ॲल्युमिनियमच्या खोल ट्रेमध्ये एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या आणि पाणी वरून नाही, ट्रेमध्ये ओतायचं. कागद खालून पाणी ओढून घेतो. मुळं बुडाच्या घडीतून पांढऱ्या केसांसारखी डोकावली की रोप लावायला तयार झालं समजायचं. कागद फाडायचा आणि मूळ दुखावल्याशिवाय वाफ्यात. खात्यातल्या शिलाईवालीने ती कुंडी हातात घेऊन फिरवून पाहिली आणि म्हणाली, "मोजपट्टी, पुस्तकं बांधतेस त्याहून हे चांगलं बांधलंयस."

मग ताईच्या नवऱ्याचं आजारपण आलं. त्या वर्षी पेरणी झाली नाही, पुढच्या वर्षी तो गेला तेव्हाही झाली नाही. तिसऱ्या वर्षी तिने मन घट्ट करून पेरलं, झाडं कमरेएवढी झाली, आणि फळ धरायच्या आत करपा पडून आठ दिवसांत काळी पडली. पाकिटात उरल्या सव्वीस बिया. चार वर्षं जुन्या. आणखी एक वर्ष ठेवल्या तर रुजणार नाहीत हे तिला कळत होतं, म्हणून तिने एकही मागे न ठेवता सगळ्या ओल्या फडक्यात घातल्या. अकरा फुटल्या. अकरा कागदी कुंड्या, अकरा अंकुर. ती त्यांच्याशी बोलत नव्हती, तसली ती नव्हती. पण सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी राहायची आणि चहा निवून जायचा.

त्यांना पहिलं खरं पान आलं त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. मुलगी दुसऱ्या गावी राहायची, आगगाडीने सात तास. बाळंतपणाला अजून महिना होता, पण डॉक्टरांनी दाखल व्हायला सांगितलं होतं. "आई, आजच्या आज ये." रोपं गाडीतून नेण्यासारखी नव्हती. ताईने किल्ली धाकटीला दिली. धाकटी दोन गल्ल्या पलीकडे राहत होती, चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि येता-जाता वाटेवरच घर होतं.

ताईने कागदावर सगळं लिहून खिडकीच्या चौकटीला लावलं. ट्रेमध्ये अर्धा पेला पाणी, एक दिवसाआड. ऊन वाढलं तर रोज. ट्रे रोज फिरवायचा, नाहीतर रोपं एकीकडे झुकतात.

"अगं, बाळाला दूध पाजायचं असल्यासारखं काय लिहितेस?" धाकटी म्हणाली.

"शेवटची आहेत ही. पाकीट रिकामं झालंय."

"माहीतये मला. तू जा बघू. मी आहे ना."

धाकटी म्हणजे घरातलं हसतं तोंड. ताई जिथे मापं घ्यायची तिथे धाकटी थट्टा करायची. नवरा गेला तेव्हा पंधरा दिवस ताईच्या घरी येऊन राहिलेली, जबरदस्तीने घास भरवणारी, तिच्या साड्यांच्या घड्या घालणारी, ती हीच. तिच्यावर विश्वास टाकायचा की नाही असा प्रश्नच ताईला पडला नव्हता. आपण आपल्या उजव्या हाताला विचारतो का, तसं.

नात झाली. अशक्त होती, काचेच्या पेटीत नऊ दिवस ठेवावी लागली. ताई दवाखाना आणि मुलीचं घर यांत भरडून निघाली. रोज सकाळी फोनवर धाकटीकडून फोटो यायचा, खिडकीतल्या ट्रेचा. खाली लिहिलेलं असायचं, "मंडळी मजेत." त्या दिवसांत तेवढी एक गोष्ट होती जी नीट चालली होती. ताई मुलीच्या खाटेशी बसून फोन पुढे करायची. "बघ, तिसरं पान आलंय." मुलगी फोटोकडे बघायची, मग बाळाकडे. "हो गं आई. किती छान."

साडेतीन आठवड्यांनी ताई घरी परतली. ट्रेमध्ये अकरा रोपं ताठ उभी होती, गडद हिरवी, तिने अपेक्षा केली होती त्याहून जाड बुंध्याची. तिने धाकटीला मिठी मारली. मिठी मारणं हेही तिच्या स्वभावात नव्हतं. "तुझ्याकडे निवडुंग जगला नाही असं म्हटलं होतं, ते मी मागे घेते," ती म्हणाली. धाकटीने हसून मान खाली घातली. दोन दिवसांनी ताईने तिला एक वही दिली, स्वतः शिवलेली, कापडी कण्याची, कोपऱ्यांना चामड्याच्या टिकल्या लावलेली. अशी वही तिने आजवर फक्त निवृत्त होणाऱ्या ग्रंथपालाला बांधून दिली होती. खात्यातही ती सांगत फिरली. "माझ्या बहिणीने जगवली. एक मेलं नाही, एक." शिलाईवाली म्हणाली, "बघ, आणि तू म्हणतेस तुझ्याशिवाय कुणाला काही जमत नाही."

पुढच्या रविवारी सकाळी ती रोपं घेऊन वाफ्यात उतरली. अकरा खड्डे, हातभर अंतरावर, पट्टीने मापून. पहिली कुंडी हातात घेतली. तिच्या लक्षात आलं की बुडाच्या घडीतून एकही मूळ डोकावत नाहीये. एवढ्या मोठ्या रोपाचं मूळ बाहेर यायला हवं होतं. तिने कागद फाडला.

आतली माती भुसभुशीत होऊन हातातून गळून पडली, आणि हातात राहिलं एक बूच. खाली निमुळतं, चौकोनी बूच, तपकिरी काथ्याच्या भुशाचं, त्याच्याभोवती मुळं गोल गोल फिरून घट्ट बसलेली. तिची माती काळी होती, पानांच्या खताची. काथ्याचा भुसा तिने कधी वापरलाच नव्हता. ती बराच वेळ त्या बुचाकडे बघत उकिडवी बसली. मग गळून पडलेल्या मातीत तिने बोट फिरवलं. एक वाळलेली काडी सापडली, दोऱ्याहून बारीक, टोकाला दोन चुरगळलेली पानं चिकटलेली. ती तिच्या तळहातावर ठेवली तर वाऱ्याने उडाली.

तिने दुसरी कुंडी फाडली. मग तिसरी. घाई केली नाही, एकही वगळली नाही. अकराच्या अकरा बुचं. पाच कुंड्यांत वाळलेल्या काड्याही सापडल्या.

ती वर आली, हात धुतले आणि फोन काढून फोटो एकापुढे एक लावून पाहिले. पहिले सहा वेगवेगळे होते. सातव्यापासून पुढचे पाच म्हणजे सहाव्याचेच तुकडे होते, कधी डावीकडून कापलेला, कधी उजवीकडून. ट्रेच्या कडेवरची खिडकीच्या गजाची सावली पाचही दिवस अगदी तिथेच होती. त्यानंतरच्या फोटोंत रोपं एकदम दांडगी. तिने हे सगळे फोटो तेव्हा पाहिले होते, एकदा नाही, दहादा पाहिले होते. पट्टी खिशात घेऊन फिरणाऱ्या बाईला एक सावली दिसू नये, याची तिला स्वतःचीच लाज वाटली.

धाकटी घरी एकटीच होती, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून. ताईने ते बूच टेबलावर ठेवलं, रोपासकट. काथ्याचा भुसा टेबलावर सांडला.

धाकटीने ते पाहिलं आणि खुर्चीवर बसली. ती "हे काय?" म्हणाली नाही, तेवढं तरी तिने केलं.

"कधी मेली?" ताईने विचारलं.

"ताई, बस तरी."

"कधी मेली ते सांग."

"तू गेल्यावर आठवड्याने. आमच्या दुकानातल्या बायका समुद्रावर निघाल्या होत्या, चार दिवस. मी म्हटलं, ट्रेमध्ये भरपूर पाणी घालून जाते. गेले. त्याच चार दिवसांत ऊन कडकलं. खिडकी बंद राहिली होती. आले तर..." तिने हाताने आडवं दाखवलं. "मी पाणी घातलं, सावलीत ठेवली. नाही उठली गं एक पण."

"आणि फोटो?"

"ते मी तिकडूनच पाठवत होते. तू दवाखान्यात होतीस, बाळ पेटीत होतं. तुला कुठल्या तोंडानं सांगायचं?"

"हे तोंड होतं की तुझं."

धाकटी रडायला लागली. रडत रडतच तिने सांगितलं की ती रोपवाटिकेत गेली, तिथल्या माणसाला पान दाखवलं, त्यातल्या त्यात तशीच दिसणारी अकरा रोपं निवडली आणि दुपारभर ताईच्या स्वयंपाकघरात बसून ती कागदी कुंड्यांत बसवली. "एक कुंडी फाटली, तर तू घरी आणून ठेवलेल्या खाकी कागदाची पट्टी घेऊन मी नवीन केली. तीनदा बिघडली. मला घड्या जमत नव्हत्या. तुला कळू नये म्हणून नाही गं, तुला वाईट वाटू नये म्हणून."

"मी तुला मिठी मारली तेव्हा?"

धाकटी टेबलावर सांडलेला भुसा बोटाने गोळा करू लागली.

"वही घेतलीस तेव्हा? खात्यात सगळ्यांना सांगत सुटले मी. तेव्हाही मला वाईट वाटू नये म्हणूनच?"

"सांगणार होते मी."

"कधी? लाल झाल्यावर?"

मग धाकटीने डोळे पुसले आणि तिचा आवाज बदलला. "मी मागितल्या होत्या तुझ्याकडे बिया. आठवतं? चार जरी दिल्या असत्यास तर आज माझ्या वाफ्यात असत्या. पण नाही. बाबा तुझे, बिया तुझ्या, आम्ही खायला यायचं. माझे नव्हते का बाबा?"

त्यात खरं होतं, हे ताईला कळत होतं. पण खरं असलं तरी ते त्या टेबलावर ठेवायला धाकटीने आजचाच दिवस निवडावा, चोरी पकडली गेल्यावर, हे तिला सोसलं नाही. ती उठली. दाराशी तिने हात पुढे केला. धाकटीला आधी कळलं नाही. मग ती आत गेली आणि किल्ली आणून हातावर ठेवली.

"ताई, रागावून दे चार थोबाडीत, पण अशी गप्प जाऊ नकोस. हवं तर विचार तिला. तीच म्हणाली होती, आत्ता आईला सांगू नकोस म्हणून."

"तिला म्हणजे कुणाला?"

धाकटीने तोंडावर हात ठेवला. पण शब्द निघून गेला होता.

मुलीने फोन उचलला तेव्हा मागे बाळ कुरकुरत होतं. ताईने फक्त एवढंच विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मावशीने सांगितलं का?"

"तुला माहीत होतं का?"

"आई, त्या दिवशी बाळाचं वजन घटलं होतं. मावशी फोनवर रडत होती. मला वाटलं, तुला कळलं तर तू परत जाशील. मला भीती वाटत होती गं. मला तू इथे हवी होतीस."

"मी बाळाला तसंच टाकून रोपांसाठी परत गेले असते, असं वाटलं तुला?"

"नाही... म्हणजे, मला काय कळत होतं तेव्हा? आई, रोपंच तर होती."

ताईने फोन ठेवला. ती खिडकीशी गेली आणि चौकटीवरचा कागद काढला. अर्धा पेला पाणी, एक दिवसाआड. तिला सगळ्यांत जास्त खुपलं ते रोपं मेली हे नव्हे. रोपं मरतात, तिच्या हातूनही शेकड्याने मेली होती. तिला खुपलं ते दवाखान्यातल्या खाटेशी बसून तिने फोन पुढे करणं, "तिसरं पान आलंय" म्हणणं, आणि पोटच्या मुलीने ते पाहून "किती छान" म्हणणं. जिच्यासाठी ती जागत होती तीच तिच्याकडे, लहान मुलाची समजूत काढावी तसं बघत होती. दोघींनी मिळून केसाने गळा कापला आणि वर दोघींना वाटत होतं की आपण माया केली.

ती बुचं तिने टाकून दिली नाहीत. दुपारी खाली जाऊन अकराही रोपं वाफ्यात लावली, मुळांचा गुंता बोटांनी हलकेच सोडवून. त्यांचा काय दोष होता? ती वाढली, जोमाने वाढली. फळं आली गोल, एका मापाची, टणक, जाड सालीची. टेबलावरून पडली तरी फुटत नव्हती. शेजारीण म्हणाली, "काय सुरेख आलेत गं, दुकानातल्यासारखे!" ताईने टोपलीभर तिला देऊन टाकले. स्वतः एकही चाखला नाही.

बहिणीशी तिने अबोला धरला नाही. लोकांना वाटतं, विश्वास तुटला की दार धाडकन बंद होतं. तसं काही झालं नाही. धाकटी यायची, चहा व्हायचा, नातीचे फोटो बघून दोघी हसायच्या. मुलगीही महिनाभराने आली, गळ्यात पडून रडली, आणि ताईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. पण आता मुलगी फोनवर म्हणाली "सगळं ठीक आहे" की ताई विचारायची, "ठीक म्हणजे काय काय ठीक?" धाकटी म्हणाली "दवाखान्यात जाऊन आले" की ताईची नजर नकळत तिच्या पर्सकडे जायची, डॉक्टरांचा कागद दिसतोय का बघायला. तिला स्वतःचा तो स्वभाव आवडत नव्हता. पुस्तकाची शिवण एकदा उसवली की पुन्हा शिवता येते, ते तिचं रोजचं कामच होतं. इथे दोरा कुठून ओवायचा तेच तिला सापडत नव्हतं.

पुढच्या वर्षी थंडी सरता सरता धाकटी एक पुडी घेऊन आली. वर्षभर ती शोधत होती, ताईला न सांगता. बाबांच्या कारखान्यातल्या सोबत्यांची घरं तिने धुंडाळली होती. बरेच जण हयात नव्हते, काहींची मुलं "कसले टोमॅटो?" म्हणाली. शेवटी एका सोबत्याची बायको भेटली, आता लेकाकडे राहणारी, ऐंशीच्या पुढची. "काकू म्हणाल्या, तुझ्या बाबांनीच दिलं होतं बियाणं, आम्ही दर वर्षी लावतो." धाकटीचा चेहरा उजळला होता. पुडीत पंधरा-वीस बिया होत्या.

ताईने पुडी घेतली. "बरं झालं," ती म्हणाली. धाकटी गेल्यावर तिने काकूंचा फोन मिळवून लावला. काकूंना कमी ऐकू यायचं. "हो हो, आली होती तुझी बहीण. दिल्या ना मी बिया. तुझ्या बाबांच्याच... की माझ्या भावाने आणलेल्या गं? लाल असतात बघ छान." याहून जास्त काही त्यांना सांगता येईना.

त्या वर्षी कागद घडवायला ताईचे हात पुढे झाले नाहीत. तिने पारदर्शक प्लास्टिकचे उंच पेले आणले, बुडाला तापल्या खिळ्याने भोकं पाडली आणि त्यांत पेरलं. मुळांना उजेड सोसत नाही म्हणून बाहेरून काळ्या कागदाची सैल खोळ चढवली, आणि रोज सकाळी ती खोळ वर उचलून मुळं पाहिली. सात रोपं आली. मुळं पेल्याच्या भिंतीलगत सरळ खाली उतरत गेली, तिच्या डोळ्यांसमोर.

सातही झाडं फळली. फळं लांबट होती, नासपतीसारखी मानेला निमुळती, पिवळसर लाल, चवीला गोड. बाबांचे टोमॅटो ते नव्हते.

धाकटी आली तेव्हा ताई वाफ्यात होती. धाकटीने फांदी उचलून पाहिली आणि तशीच उभी राहिली. "नाहीत ना हे ते?"

"नाहीत."

"ताई, मला काकूंनी हेच दिलं गं. शप्पथ घेऊन सांगते. मी दुसरीकडून नाही आणलं."

ताईने तिच्याकडे पाहिलं. उन्हाने धाकटीचे डोळे बारीक झाले होते आणि त्यांत पाणी होतं. ती खरं बोलत असावी. म्हाताऱ्या बाईचा घोळ झाला असणार, तसं होतंच. ताईला जवळजवळ खात्री वाटली. 'माहीत आहे मला,' हे तीन शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. पूर्वी ते न विचारता, न अडखळता बाहेर पडले असते.

"गोड आहेत चवीला," ती म्हणाली आणि एक फळ तोडून पुढे केलं. धाकटीने ते घेतलं. दोघी वाफ्याच्या कडेला उभ्या राहून खात राहिल्या, आणि धाकटी मधूनमधून बहिणीच्या तोंडाकडे बघत होती.